छ्यामिस्त्री आणि जाम बोल्ट

आमच्या ईट गावच्या छ्यामिस्त्रींना कशाचीही किळस यायची. समोर चहा ठेवला की आधी कपाच्या कानाकडं बघायचे आणि म्हणायचे, "छ्या." चौकात वाढदिवसाचा फलक लागला, छ्या. वरातीत डीजे आला, छ्या. मी हौसेनं मिशी वाढवली, तर ती जाईपर्यंत माझ्याशी तोंड फिरवून बोलले. खरं नाव बब्रुवान, पण ते रेशनकार्डापुरतंच उरलं होतं. लोक आपल्याला काय म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचाही त्यांना वीट आलेला होता.

बाजाराच्या रस्त्याला पुढं दुकान आणि मागं घर. विहिरीवरची इंजिनं, फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. कुठलंही यंत्र उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "कुण्या गाढवानं हात लावला होता ह्याला?" बहुतेक वेळा ते गाढव समोरच बसलेलं असायचं. मग मालक खाली बघायचा आणि मिस्त्री मालकाकडं बघायचे. गिऱ्हाईक तुटेल याची भीती त्यांना कधी वाटली नाही, आणि लोकही शिव्या खाऊन पुन्हा त्यांच्याकडंच जायचे.

मी आणि माझा भागीदार तलावातली मासेमारी ठेक्यानं घेतो. होडीच्या मागं लावायचं इंजिन आम्ही कोकणातून जुनं आणलं होतं. ते तापायला लागलं आणि त्याचा पाण्यात बुडणारा खालचा भाग, ज्याला आम्ही पाय म्हणतो, तो उघडायची वेळ आली तेव्हा ते मिस्त्रींपुढं नेऊन ठेवलं. विकणाऱ्यानं बोल्टसकट सगळ्यावर चंदेरी रंग फासलेला. त्यावर आमच्या भागीदारानं खंडेनवमीला नारळ फोडलेला. मिस्त्रींनी नखानं एक पापुद्रा उचलला. "आत मीठ, वर रंग, त्याच्यावर नारळाचं पाणी. छ्या. देवाला चालतंय ते ॲल्युमिनियमला चालत न्हाय, बाबा."

मग त्यांनी पायातलं तेल काढलं. पाणी शिरल्यानं ते नासक्या दुधासारखं झालेलं, आणि वास असा की मी नाक धरून रस्त्यावर गेलो. मिस्त्री मात्र ते बोटांवर घेऊन चोळत, हुंगत बसले. तोंड असं वाकडं की आता ओकतील. त्यांच्या किळसेची गंमत हीच होती. माणसांपासून आणि गर्दीपासून ते दहा हात लांब पळायचे, यंत्रातल्या घाणीपासून कधी नाही.

बोल्ट जाम झाला की आपल्याकडं काय करतात? पान्याला पाइप लावायचा आणि दोघांनी लटकायचं. डोकं तुटून हातात येतं, बूड आतच राहतं. हा प्रकार मी इतक्यांदा बघितलाय की आता मलाही शिसारी येते. मिस्त्री डिझेल आणि रॉकेल समसमान मिसळून बोल्टच्या मुळाशी सोडायचे आणि मुरू द्यायचे. नंतर बोल्टला नाही, त्याच्या भोवतीच्या धातूला शेक द्यायचे. आणि पाना लावला की सोडवायच्या आधी तो केसभर आवळायचे. "सोडवायचंय त्याला आधी जरा आवळायचं," ते म्हणायचे. "त्याला वाटतंय, ह्यो आपल्याच बाजूचा हाय." पुढचं सगळं हातावर. तुटणारा बोल्ट आधी मऊ लागतो, सुटणारा करकरतो. "हे हाताला कळतंय, डोळ्याला न्हाय." त्या वेळचे सगळे बोल्ट त्यांनी अख्खे काढले आणि ग्रीस लावून परत बसवले.

ते वारले त्याच्या आदल्या पावसाळ्यात इंजिन पुन्हा तापायला लागलं. मधल्या काळात भागीदारानं घाईत ते दुसऱ्याच कुणाकडून उघडून घेतलं होतं, आणि त्या शहाण्यानं बोल्ट कोरडेच बसवले होते. मिस्त्रींनी भागीदाराचा यथेच्छ उद्धार केला, तेल मुरवलं, शेक दिला, केसभर आवळलं आणि पाना उलटा फिरवला. कट्‌ असा आवाज झाला आणि बोल्टचं डोकं जमिनीवर पडलं.

मी शिवीची वाट बघत राहिलो. ते म्हणाले, "मऊ लागायला पायजे हुता. मला लागलंच न्हाय."

मागच्या दारातून त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "लागंल कसं? परवा तापलेला तवा नुस्त्या हातानं धरून हुभे हुते. कातडं जळल्याचा वास आला तवा कळलं. बोटं मेलीत त्यांची. साखर हाय. किती वर्सं म्हणतीय धाराशिवला दाखवा, तर म्हणतेत दवाखान्यात घाण वास येतोय."

मला त्यांचा भयंकर राग आला. जन्मभर नासकं तेल हुंगलेल्या माणसाला फिनेलचा वास सोसवला नाही, आणि त्यापायी ही बोटं गेली. मिस्त्रींनी उजवा तळवा उजेडात धरला, कुण्या अडाण्यानं बिघडवलेला भाग बघावा तसा बघितला आणि म्हणाले, "छ्या."

उरलेले बोल्ट त्यांनी मला काढायला लावले. स्वतः बाजूला बसले. "काय म्हणतोय?"

"आला वाटतं."

"वाटतं म्हंजे? करकरतोय का मऊ लागतोय?"

"करकरतोय."

"मग भिऊ नगंस. फिरव."

बोल्ट सुटला. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली, उघडली, आणि त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात त्यांनी विचारलं, "कसं लागलं रं हाताला?"

मी सांगायचा प्रयत्न केला. आधी भिंतच ढकलतोय असं. मग आत बारीक काहीतरी चुरलं. मग एकदम हातातलं वजनच गेलं.

मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. माझं सांगून संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"परत सांग," ते म्हणाले.