राहीबाईच्या पोटातली वेगळी धमनी

राहुरीच्या पलीकडच्या एका वस्तीवर राहीबाई राहायची. ज्वारीवरची पाखरं हाकायला ती माळ्यावर चढली, की तिची आरोळी ओढ्यापलीकडं ऐकू जायची. चव्वेचाळीस सालच्या उन्हाळ्यात गोठ्यात वैरण टाकताना खोंड बिथरला आणि त्याचं शिंग तिच्या डाव्या बरगड्यांखाली घुसलं.

नवऱ्यानं, गोरक्षनं, धोतर फाडून जखम आवळली आणि गाडी जुंपून तिला स्टेशनवर आणलं. गार्डानं काही न विचारता तिला आपल्या डब्यात निजवलं. नगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. श्वास घ्यावा तर छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटे. "पोरींना जपा," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली. मग नाकाशी औषधाचा उग्र वास आला आणि पुढचं तिला काही कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा गोरक्ष उशाशी होता. त्याच्या दंडाला पट्टी होती. त्याचं रक्त तिला चढवलं होतं. ती जिवंत आहे हे बघून तो दाराआड जाऊन रडून आला.

चार घास पोटात राहू लागले तसं राहीबाईनं डॉक्टर सुमंतांना गाठलंच. "डाक्टरसाहेब, मला आत झालं हुतं तरी काय?"

डॉक्टर खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. "छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो, बाई. तो खालीवर होतो म्हणून आपला श्वास चालतो. शिंगानं तो फाटला आणि त्याला रक्त पुरवणारी धमनी तुटली. बहुतेकांत ती कण्यापुढच्या मोठ्या धमनीतून निघते. मी तिथं शोधली, सापडेना. रक्त तर भळाभळा चाललेलं."

"मंग वो?"

"तुमच्याकडं कालव्याचं पाणी आहे ना? एखाद्या रानाला थेट कालव्यावरून न येता शेजारच्याच्या चारीतून पाणी येतं, तसं तुमचं निघालं. जठराच्या धमनीतूनच तुमची ती फांदी फुटली होती. तिथं बांधली तेव्हा रक्त थांबलं. मग पडदा शिवला."

राहीबाईनं हात जोडले. "तुमी माजं देवच हायसा."

"मी नाही." डॉक्टर म्हणाले. "कॉलेजात आम्हाला शिकायला एक बेवारस प्रेत दिलं होतं. कुणी मजूर असावा, तळहाताला घट्टे होते. त्याची ही धमनी अशीच जठराच्या वाटेनं आलेली होती. आमचे सर म्हणाले, नीट बघून ठेवा, प्रत्येक शरीर पुस्तकासारखं नसतं. त्या दिवशी हात तुमच्या पोटात असताना मला तोच माणूस आठवला. एरवी मी चुकीच्या जागीच शोधत बसलो असतो."

"त्याचं नाव काय हुतं?"

"कुणालाच माहीत नव्हतं."

राहीबाईला घरी सोडलं त्या दिवशी तिनं डॉक्टरांच्या पाया पडायला वाकू पाहिलं, तर त्यांनी टाके उसवतील म्हणून दरडावलं आणि मग दोघंही हसली.

भाद्रपदात सर्वपित्रीला तिनं कढी, भजी, गवारीची भाजी, खीर असा स्वैपाक केला. घरच्या पितरांची पानं वाढली आणि शेजारी आणखी एक पान मांडलं. सासू आक्काबाईंनी विचारलं, "ह्ये कुणाचं गं?"

"माज्या भावाचं."

"तुला कुठला आलाय भाऊ?"

राहीबाईनं सगळं सांगितलं. आक्काबाई कडक बाई. त्यांना मेलेल्या माणसाला चिरतात हे ऐकूनच कसंतरी झालं. "ना नाव, ना गाव. त्याला पोचंल का त्ये?"

"पोचंल, आत्याबाई. त्याला बिचाऱ्याला कुणी अग्नी दिला का न्हाई, देव जाणे. पर त्याच्यामुळं मी तुमच्या चुलीम्होरं उभी हाय."

आक्काबाई त्या पानाकडं बघत राहिल्या. मग उठल्या, खिरीचं पातेलं ओढलं आणि त्या पानावर आपल्या हातानं आणखी एक पळी खीर वाढली.