मारुतीरावांच्या नंबरवर येणारा ओटीपी

रविवारी नंदी हिल्सला जायचं ठरलं होतं. त्याऐवजी मी आनेकलच्या पलीकडच्या एका खेड्यात संगणक बघायला गेलो, कारण मला नाही म्हणता येत नाही. बसवनगुडीत आमच्या खालच्या मजल्यावर एक जुनं मराठी कुटुंब राहतं, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. त्यांची भाची सविता त्या खेड्यातल्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात नव्याने लागली आहे. आयटीतल्या माणसाला पंख्यापासून प्रिंटरपर्यंत सगळं येतं, असा या घराचा पक्का समज.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगून ठेवतो. आर. व्ही. रोडवरून पिवळ्या मार्गाची मेट्रो धरून बोम्मसंद्र्याला उतरायचं; तिकीट शंभराच्या आत. पुढे आनेकलची बस आणि तिथून शेअर रिक्षा, जी भरल्याशिवाय हलत नाही. कारखाने संपले की नाचणीची शेतं लागतील असं वाटलं होतं. लागले ते प्लॉटचे दगड आणि लेआउटच्या रंगीत कमानी. आनेकलच्या बसस्टँडजवळ तट्टे इडली खाल्ली. ताटलीएवढी, मऊ. दिवसभरात मनासारखी झालेली तेवढीच एक गोष्ट.

वाचनालय पंचायतीच्या आवारात आहे. सुटी सोमवारची, त्यामुळे आत मुलं होती. संगणकांवर दसऱ्याच्या आयुधपूजेचं कुंकू अजून तसंच होतं, पण यंत्रं ठणठणीत. दुखणं वेगळंच निघालं.

इथलं नेट रोज सकाळी नव्याने चालू करावं लागतं आणि त्याचा ओटीपी जातो मारुतीरावांच्या मोबाइलवर. मारुतीराव म्हणजे आधीचे ग्रंथपाल. ते मागच्या वर्षी वारले. त्यांच्या पत्नी गंगक्का तो मोबाइल रिचार्ज करून चालू ठेवतात. सविता रोज सकाळी फोन करते, अक्का आकडे वाचून दाखवतात आणि मग विचारतात, पेपर आला का, मागची खिडकी उघडलीस का, कोण कोण आलंय. गेल्या महिन्यात अक्का आजारी पडून होसूरला लेकीकडे होत्या आणि मोबाइल बंद होता. नेमकी वसतिगृहाच्या अर्जाची मुदत तेव्हाच संपली. एका मुलीचा अर्ज राहिला, आणि आता ती कॉलेज सोडून बोम्मसंद्र्याला कपड्यांच्या कारखान्यात जाते. सविताला ते टोचत होतं. तिने अक्कांना सांगूनच मला बोलावलं होतं: नंबर बदलून द्या.

नंबर बदलायलाही जुन्या नंबरवरचा ओटीपी लागतो, म्हणून अक्का स्वतः आल्या. मोबाइल रुमालात गुंडाळलेला. बाकावर बसल्या, स्वल्प दम घेते म्हणाल्या. मी बटण दाबलं. मोबाइल वाजला. अक्कांनी चष्मा पुसला, पहिला आकडा वाचला आणि थांबून सविताला विचारलं, आज पेपर आला का. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. पुन्हा पाठवला, तर म्हणाल्या, अक्षर दिसत नाही. रोज दिसायचं. सविता मान खाली घालून उभी होती. राहू दे, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण संगणकापाशी मुली ताटकळत होत्या, आणि राहू दे म्हणणं सोपं होतं ते फक्त मला.

तिसऱ्यांदा मोबाइल वाजला तेव्हा अक्कांनी तो माझ्या हातात ठेवला.

"तुम्हीच वाचा, अण्णा. माझ्या तोंडून नको."

मी वाचला. भरला. नंबर बदलला.

"आता ह्याच्यावर काही येणार नाही?"

"नाही, अक्का."

"सरी, बरं," म्हणाल्या आणि मोबाइल पुन्हा रुमालात गुंडाळला.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडीचा गोळा, आणि अवरेकाळूचं सारू, म्हणजे पावट्याच्या दाण्यांची पातळ आमटी. मुद्दा चावायचा नसतो, सारूत बुडवून गिळायचा असतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. परतीच्या मेट्रोत सगळे आपापल्या मोबाइलमध्ये होते, आणि माझा मात्र खिशातून काढावासा वाटेना.

सविताने ठरवलं होतं की रोजचा फोन तरी चालू ठेवायचा. सोमवारी वाचनालय बंद, तेव्हा मंगळवारी नेहमीच्या वेळेला तिने केला. अक्कांनी पहिल्याच घंटेला उचलला आणि काम काय ते विचारलं. काम काही नाही, सहज केला, असं सविताने सांगितलं. मग कशाला उगाच, म्हणून अक्कांनी ठेवून दिला. बुधवारपासून मारुतीरावांचा नंबर बंद लागतोय.

कामापुरता मामा, असं आपण नावं ठेवायला म्हणतो. पण अक्कांना तेवढंच हवं होतं, रोज सकाळी कुणाचं तरी काम अडावं. काम बिघडलेलं असताना मी गेलो, नीट करून आलो, आणि मला आठवडाभर वाईट वाटतंय. सविताला विचारलं, नेट कसं चाललंय. म्हणाली, एकदम चांगलं, सकाळी कुणासाठी थांबावं लागत नाही.