तारमास्तरांची अँटेना

तारमास्तर म्हणजे तारऑफिसातले जुने मास्तर. कडकट्ट ऐकत ऐकत लोकांची सुखदुःखं कागदावर उतरवण्यात त्यांची नोकरी सरली. तार बंद व्हायच्या कितीतरी आधीच त्यांनी घरी, वरच्या खोलीत, बिनतारी संच मांडला होता. बायकोनं त्या संचाचं नाव ठेवलं सवत. "सवतीपाशी बसलेत," असं ती आल्यागेल्याला बिनदिक्कत सांगायची.

एकतीस वर्षं दर रविवारी सकाळी सातला त्या संचावर कप्तान यायचा. कप्तान कसला, जहाजावर आचारी होता. पण आवाज असा की ऐकणाऱ्यानं सलामच ठोकावा. मास्तरांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. दोघांच्या पोरांची लग्नं झाली, कप्तानाची बायको गेली, सगळं आवाजावरच निभावलं. काय दिवस होते ते! खालून चहाच्या तीन हाका यायच्या आणि मास्तरांना एकही ऐकू जायची नाही.

गेले तीन महिने मात्र तो आवाज विरत चालला होता. शब्द अर्धेमुर्धे यायचे, बाकीचे अंदाजानं भरायचे. कप्तान हातचा जाणार म्हणून मास्तर कासावीस झाले. संचावर लहरींचा जोर दाखवणारा काटा होता, पण त्याकडे बघणं मास्तरांना कमीपणाचं वाटे. "काटे बहिऱ्यांनी बघावेत. मला कान आहेत." कान म्हणाले अँटेना थकली, म्हणजे थकली. त्यांनी ग्राउंड प्लेन किट मागवलं.

किट म्हणजे एक कडं, चार सळ्या आणि मूठभर नटबोल्ट. उभ्या अँटेनाच्या बुडाशी चारी बाजूंना सळ्या बसवल्या की लहरी आभाळात वाया जात नाहीत, लांबवर पोचतात. बहात्तराव्या वर्षी मास्तर गच्चीवर शिडी लावून चढले. खाली बायको शिडी धरून.

"पडलात तर शेकायला सवतीलाच बोलवा हं!"

"अगं, धर नीट. बोलू नकोस."

एक नट पन्हळीत पडला, तो काढण्यात अर्धा तास गेला. पण चारी सळ्या चोख बसल्या.

रविवारी सातच्या आधीच मास्तर संचापाशी. कुठले कुठले अनोळखी लोक शेजारच्या खोलीत बसल्यासारखे बोलत होते. मास्तर लहान पोरासारखे खूश झाले. मग कप्तान आला, आणि आवाज तसाच. विझत आलेला.

"छे! कुठेतरी चुकलंच माझं," मास्तर पाना शोधू लागले.

बायको पाठीमागे चहा घेऊन उभी होती. "अहो, तो काटा बघा जरा. पार उजवीकडे टेकलाय."

मास्तरांनी पाहिलं. लहरी दणकट येत होत्या. अँटेनात काही खोट नव्हती, आधीही नसावी. आपल्या कानांचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता. त्यांनी बटण दाबलं.

"कप्तान, खरं सांग. तुझ्या घशाला काय झालंय? ओव्हर."

खरखरीतून कप्तानाचं उत्तर आलं.

"ऑपरेशन झालं रे. आहे हा आवाजही जाणार म्हणतात. तू अँटेनाला शिव्या घालायचास ना, बरं वाटायचं. बाकी सगळे माझ्याकडे बघून डोळे पुसतात. ओव्हर."

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही.

"पत्ता सांग. आम्ही दोघं येतोय. ओव्हर."

कप्तानानं पत्ता सांगितला, थांबत थांबत. बायकोनं दोनदा विचारून लिहून घेतला.

"पण मला ओळखशील कसा?" कप्तान म्हणाला. "तुला माझा आवाजच तेवढा माहीत. ओव्हर."

"तू नुसता दारात उभा राहा," मास्तर म्हणाले. "बोलू नकोस. ओव्हर."