खुर्चीची पिन

मास्कच्या अस्तराला कापड हवं म्हणून शोभाताईंनी शिवणाच्या मशीनखालचा तळाचा खण ओढला आणि त्यांच्या हाताला गार लोखंड लागलं. बोटाएवढ्या पाच पिना होत्या, प्रत्येकीला लाल पट्टी. पट्ट्या त्यांनीच मार्चमध्ये जुन्या खणाच्या कापडाच्या शिवल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी सगळं बंद झालं, पिनांवर कापडं पडत गेली आणि आता ऑगस्ट संपत आला होता.

"अहो, हे तुमच्या विमानाचं माझ्याकडेच राहिलं की," त्या म्हणाल्या.

मुरलीधरराव मटार सोलत होते. त्यांनी पिना हातात घेतल्या आणि एकेक करून टेबलावर ठेवल्या. त्यातल्या चार पिना चाकांच्या आणि इतर भागांच्या. पाचवी मात्र त्यांच्या हातातच राहिली.

"ही खुर्चीची आहे," ते म्हणाले. मग घड्याळाकडे बघून पुन्हा तेच म्हणाले.

शोभाताईंना उलगडून सांगायची गरज नव्हती. एअरफोर्सच्या माणसाशी बत्तीस वर्षं संसार केल्यावर एवढं कळतंच. लढाऊ विमानात वैमानिकाच्या खुर्चीखाली स्फोटाची दारू भरलेली असते. संकटात हँडल ओढलं की खुर्ची माणसाला घेऊन विमानाबाहेर उडते. जमिनीवर ते चुकून होऊ नये म्हणून तिथे पिन असते. उड्डाणाआधी खालच्या माणसांनी सगळ्या पिना काढून हात वर करून वैमानिकाला मोजून दाखवायच्या आणि परत आल्यावर पुन्हा घालायच्या. कारगिलच्या वेळी पंजाबातल्या तळावर मुरलीधरराव हेच काम करत होते. विमान फ्रेंच, मिराज. बॉम्ब आपले जुने, त्यांना लेझरचे किट परदेशी, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळवताना त्या दिवसांत कुणी पाठ टेकली नव्हती. शोभाताई तेव्हा ग्वाल्हेरच्या क्वार्टरमध्ये होत्या. आठवड्यातून एकदा फोन यायचा. "जेवलात का?" एवढंच विचारता यायचं.

मेलबर्नला लेकीकडे, मयूराकडे, आल्यावर मुरलीधररावांचा वेळ जाईना. मग कुणीतरी त्यांना कॉलिनची ओळख करून दिली. इथल्या हवाई दलासाठी मिराज विमानं साठच्या दशकात याच शहरात जोडली जात, त्या कारखान्यात कॉलिन पोरसवदा वयात लागला होता. आता चारपाच म्हाताऱ्यांनी मिळून तसलंच एक जुनं मिराज विकत घेतलं होतं आणि शहराबाहेर, पेनिन्सुलाच्या वाटेवर, एका शेडमध्ये ते त्याला नटवत होते. मुरलीधरराव पहिल्या दिवशी घरी आले ते लग्नघरातून आल्यासारखे. ते सांगत होते, हा आमच्या मिराजचा आजा. शेपटीला आडवे पंख नाहीत, नुसता त्रिकोण. त्या काळात फ्रेंचांनी ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडवला. एकाहत्तरला हाच समोरच्या बाजूने आपल्यावर आला होता, आणि आता मी त्याचे नट पुसतोय.

या जुन्या विमानाच्या खुर्चीतली दारू काढायला सरकारमान्य माणूस एप्रिलमध्ये यायचा होता. तो काही आला नाही. तोवर खुर्ची जिवंत, कधीही उडू शकणारी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पिन आहे म्हणून निर्धास्त होते. पिनांच्या पट्ट्या विटल्या म्हणून मुरलीधररावांनी त्या एका रात्रीपुरत्या घरी आणल्या आणि कुणाला सांगितलं नाही. नोकरीत असताना असं स्वप्नातही केलं नसतं. इथे हौस होती, आणि सकाळी परत लावायच्याच होत्या.

"कॉलिन आज तिथे गेलाय," ते म्हणाले. काल रात्रीच्या वादळात शेडचा पत्रा उडाला होता. कॉकपिटमधलं पाणी टिपायला जातो, असा त्याचा सकाळीच मेसेज आला होता.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कॉलिनची सवय अशी की फोन गाडीत ठेवूनच शेडमध्ये जायचं.

मुरलीधरराव गाडीची किल्ली शोधू लागले. शोभाताई म्हणाल्या की चाळीस मिनिटं लागतील, आणि लॉकडाउनमुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे पोलीस अडवतील तिथे आणखी वीस. त्यांनी ऐकलं नाही. किल्ली हातात, पण चपलेत पाय जाईना.

शोभाताईंनी आपला फोन उचलला. कॉलिनच्या बायकोचा, बेव्हचा, नंबर त्यांच्याकडे होता. लिंबाच्या लोणच्यावरून जुळलेली ती ओळख. बेव्हचं घर शेडपासून दोन किलोमीटरवर. शोभाताईंचं इंग्रजी मराठी शाळेतलं, तुटक; पण त्या थांबल्या नाहीत. बेव्ह, सीट पिन माझ्या घरी आहे. कॉलिनकडे जा. ओरडू नको, दचकवू नको. त्याला हळूच सांग, हात लावू नको.

पलीकडे चाव्या खुळखुळल्या. मग गाडीचं दार आपटल्याचा आवाज.

ती सहा मिनिटं कशी गेली ते शोभाताई सांगू शकल्या नसत्या. रामरक्षा सुरू केली, पण चौथ्या श्लोकाला अडखळून त्या पुन्हा पहिल्यावर आल्या, पुन्हा अडखळल्या. मुरलीधरराव पिन मुठीत धरून उभे होते.

बेव्हचा व्हिडिओ कॉल आला. आधी सिमेंटची ओली जमीन, मग शिडी, मग कॉकपिटवर कमरेपर्यंत वाकलेला कॉलिन. त्याच्या हातात टॉवेल होता. आणि त्याने प्रकाशासाठी आणलेला कामाचा दिवा खुर्चीच्या माथ्यावर दोरीने बांधला होता. पिवळ्याकाळ्या पट्ट्यांच्या कडीला. तेच ओढायचं हँडल.

मुरलीधररावांचा आवाज अचानक शांत झाला. हा आवाज शोभाताईंनी घरात कधी ऐकला नव्हता.

"कॉलिन, हलू नकोस. खुर्चीला पिन नाही. ती माझ्या हातात आहे, बघ."

कॉलिनने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. तो हसला नाही.

पुढचं सगळं मुरलीधररावांनी एकेक शब्दात सांगितलं. बेव्ह, फोन बाकावर टेकव आणि तू शेडच्या बाहेर जा. कॉलिन, टॉवेल सोड. डावा तळवा दिव्याच्या खाली ने. वजन हातावर घे, वर उचलू नको, नुसतं तोलून धर. आता उजव्या हाताने खिशातली पक्कड काढ. दोरी काप, ओढू नको.

कॉलिनने पक्कड दोरीवर धरली. पक्कड एकदा निसटली. शोभाताईंनी डोळे मिटले आणि लगेच उघडले; आपण बघितलं नाही तर काही होईल असं त्यांना वाटलं. दोरीचा एक पीळ तुटला, मग दुसरा. दिवा त्याच्या तळव्यावर आला. कडी जागची हलली नाही.

"आता खाली उतर. पायरी मोज," मुरलीधरराव म्हणाले.

कॉलिनने सहा पायऱ्या मोजल्या. जमिनीवर आल्यावर तो तिथेच ओल्या सिमेंटवर बसला. बाहेरून बेव्हची हाक आली.

फोनकडे बघून कॉलिन म्हणाला, नो वरीज, मेट, काही झालं नाही ना.

"झालं असतं," मुरलीधरराव म्हणाले. "आणि ते मी केलं असतं. नो वरीज म्हणू नकोस."

संध्याकाळपर्यंत शेडला कुलूप लागलं. दारू काढणारा माणूस परवाना घेऊन गुरुवारी यायचं ठरलं, पिनाही तोच वाटेत घेऊन जाणार होता. बेव्हने फोन करून सांगितलं की कॉलिन चहा करायला उठलाय आणि तिसऱ्यांदा केटल भरतोय. तिने विचारलं, मी काय करू? शोभाताई म्हणाल्या, भरू दे त्याला.

मुरलीधरराव लॅपटॉपपुढे बसले होते. विमान घेतलेल्या त्या क्लबच्या सगळ्यांना मेल लिहायची होती. एकदा लिहून खोडली, मग पुन्हा लिहिली. पहिल्या मेलमध्ये लॉकडाउनचं कारण होतं, दुसऱ्यात पट्ट्या शिवायला दिल्याचं. शोभाताई मागे उभ्या राहून वाचत होत्या. त्या म्हणाल्या, पट्ट्या मी एका रात्रीत शिवल्या होत्या, तेही खरं लिहा. पण त्याने काय होणार?

त्यांनी तेही खोडलं. मग इंग्रजीत दोनच वाक्यं लिहिली. पिन मी काढली. मी कुणाला सांगितलं नाही.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," शोभाताई म्हणाल्या. "पाठवा."