डोंगरावरचा ठिपका

आमच्या डोंगराचा एक जुना फोटो फार गाजला, कॅलेंडरवरसुद्धा आला होता. परवा एक बाई तो घेऊन दारात आल्या. असे नावाजलेले फोटो जिथून काढले, तिथंच उभं राहून पुन्हा काढायचे, हा त्यांचा छंद.

"आजी, उतारावर हा ठिपका कसला हो? शेळी का?"

"शेळी काय म्हणता! माझी आई आहे ती. गवत कापतेय."

तिचा दुसरा फोटोच नाही आमच्याकडे.

बाई खजील झाल्या. मग मीच त्यांना तो फोटो जिथून काढला, माळावरच्या त्या खडकापाशी नेलं. माझ्या पायांना तो पाठ आहे. त्यांनी कॅमेरा लावला, फोटो समोर धरला आणि पुन्हा खाली घेतला. अर्धा डोंगर खडीसाठी फोडून नेलाय. त्या आल्या तो रस्ताही त्याच खडीचा, पण हे मी बोलले नाही. उगाच कशाला त्यांच्या जिवाला लावायचं?

माणूस गेलं तरी त्याची जागा मागं राहते, असं मी आजवर धरून चालले होते बघा. ठिपक्यावर बोट ठेवून मी वर पाहिलं. आई वाकली होती तिथं नुसतं आभाळ होतं, आणि त्यातून एक घार संथपणे चालली होती.