गाढीकाठची मासळीवाली

आमच्या मासळीवाल्या मावशीइतकं तुच्छतेने बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याच्या चपलांकडे बघायची, मग तोंडाकडे, आणि मान वळवून टोपलीतल्या माशांवर पाणी शिंपडायची. नेऱ्याच्या बाजूचं तिचं गाव. ती आणि तिचा नवरा गाढी नदीत जाळी लावायचे, आणि सकाळी शिवडे, खवली, एखादी वाम अशी नदीची मासळी घेऊन ती नवीन पनवेलला आमच्या कोपऱ्यावर बसायची.

"काटे फार असतात का हो याला?" एका बाईंनी विचारलं.

"काटं नको तर पनीर खावा," मावशी म्हणाली. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. मावशीला त्याचं काही वाटलं नाही.

आम्हा सोसायटीवाल्यांची तर तिला किळसच होती. पिशवीसकट निर्माल्य पुलावरून टाकणारे आम्हीच, आणि जलपर्णीने नदी झाकली की गाडी थांबवून जांभळ्या फुलांचे फोटो काढणारेही आम्हीच. "मढ्यावरच्या फुलांचा बी फोटू काढा," ती म्हणायची. मी हसायचो. ती मलाही धरून बोलते आहे, हे कळायला मला उशीर लागला.

आमच्या घरी काचेची टाकी होती. काच साफ ठेवतो म्हणून दुकानदाराने दिलेला सकर नावाचा काळा, खरबरीत मासा त्यात वीतभर वाढला. मारवत नव्हता. म्हणून एका रविवारी बादलीत घालून मी तो पुलाखाली नेला. एक जीव वाचवतो आहे, या समाधानात मी होतो. मावशी तिथेच जाळं सोडवत होती.

"काय सोडताय?"

"मासा आहे, मावशी. जिवंत आहे. मोकळा करतोय."

तिने बादलीत डोकावून पाहिलं आणि बादली माझ्या हातातून ओढून घेतली. "पुण्य करताय? यो आमच्या माशांची अंडी खातो, काठाची माती पोखरतो. जाळ्यात घुसला की जाळं कापूनच काढाया लागतो. कावळा बी खात नाय याला." तिने अंगठा पुढे केला. सकराचा काटा घुसून तो टम्म सुजला होता. "तुमची घाण तुमच्या घरात मरू दे."

मी बादली घेऊन परत आलो. दुकानदाराने मोठा झालेला मासा परत घ्यायला नकार दिला. शेवटी तो आमच्याकडेच राहिला आणि तीन वर्षांनी टाकीतच मेला.

त्या तीन वर्षांत मावशीची टोपली हलकी होत गेली. जाळ्यात शिवड्यांऐवजी सकर यायचे. ती ते काठावर खड्ड्यात पुरायची, आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा यायचे. नवऱ्याने एका फार्महाउसवर माळीकाम धरलं. एका सकाळी तिच्या टोपलीत उरणहून विकत आणलेले बोंबील दिसले. नदीचा एकही मासा नव्हता.

त्या दिवशी मला राहवलं नाही. "मावशी, तुम्ही मला पकडलंत त्याच्या आधी टाकीतले दुसरे दोन सकर मी सोडले होते. तिथेच."

"ठावं हाय."

"कसं?"

"पैल्यांदा सोडनारा मानूस पान्याकडं बघतो. तुमी मागं बघत होता, कोन येतंय का."

"मग तेव्हाच हे बोलला का नाहीत?"

"बोलून मासं परत येनार होतं?" तिने बोंबील माझ्या पिशवीत टाकले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्या पावसाळ्यानंतर ती कोपऱ्यावर आली नाही. उरणला लेकीकडे गेली, असं भाजीवाला म्हणाला. पत्ता काढणं अवघड नव्हतं, पण मी गेलो नाही. तिने मला दारात उभं केलं नसतं, आणि ते बरोबरच होतं.