घाबरणारी जिजी

पिलांना हात लावण्याआधी जिजी स्वतःच घाबरायची. पेटीचं झाकण उघडलं की दोन पावलं मागं सरायची, पदराने हात पुसायची आणि पुटपुटायची, "देवा, सांभाळ रे." साठी ओलांडलेली, चार बाळंतपणं आणि शेकडो कोंबड्या पाहिलेली बाई एका दिवसाच्या पिलासमोर पहिल्यांदा शाळेत निघालेल्या पोरीसारखी उभी राहायची. मला हसू यायचं. ते हसू फार दिवस टिकलं नाही.

माझं लग्न होऊन मी ब्राह्मणपुरीत आले आणि काही वर्षांनी गोठ्याशेजारच्या खोलीत पिलं वाढवायचं मनावर घेतलं. बचत गटाच्या प्रशिक्षणात वही भरून टिपणं काढली होती, पण जिवंत पिलू हातात कसं धरायचं हे त्या वहीत नव्हतं. दाबलं तर मरेल, सोडलं तर पडेल, या भीतीने माझी बोटं आखडायची. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे मायने, शेजारच्या जिजीला बोलावून आणलं. जिजी म्हणाली, "वरतून हात नको घालू. त्यासले वरतून फक्त घारच येस, इतलंच माहीत शे." मग तिने भुशावर तळहात उताणा ठेवला आणि गप्प बसून राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझे पाय भरून आले. शेवटी एक पिलू तिच्या बोटाला चोच मारून गेलं, मग दुसरं तळहातावर चढलं. तेव्हा कुठे जिजीने श्वास सोडला.

पहिला आठवडा म्हणजे जिजीच्या जिवाला घोर. शहाद्याच्या स्टँडवर एसटीतून उतरवलेली भोकांची पेटी रिक्षाने घरी पोचली की ती एकेका पिलाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवायची आणि त्याने घोट घेतलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचं पिलू उचलायची नाही. मग त्याचे पाय आपल्या गालाला लावायची. पाय गार लागले तर उबेसाठी टांगलेला बल्ब खाली घ्यायचा, पिलं पंख पसरून लांब पळाली तर वर. तिला कावळ्याची भीती होती, मांजराची होती, सळसळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीची होती आणि पाहुण्यांच्या चपलांची तर सगळ्यात जास्त. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. जिजी पाणीही फुंकून प्यायची. कुणी चिडवलं तर म्हणायची, "ज्याले भ्याव वाटस, त्याना हातमा जीव टिकस."

पिलांच्या दुसऱ्या खेपेला एक प्रकार घडला. आमच्याकडे नवं वासरू येवो की नवा ट्रॅक्टर, माय ओवाळल्याशिवाय आत घेत नाही. त्या दिवशी पिलं नुकतीच पेटीतून भुशावर सोडली होती. माय कौतुकाने ताट घेऊन आली, कुंकू लावायला कपाळ सापडेना म्हणून पेटीलाच लावलं आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने उंबऱ्यावर नारळ फोडला. तो आवाज झाला आणि शंभरच्या शंभर पिलं कोपऱ्याकडे धावली. एकावर एक चढत क्षणात त्यांचा ढीग झाला. वरची ओरडत होती; खालून काहीच ऐकू येत नव्हतं. मी किंचाळणार होते. जिजीने माझं तोंड हाताने दाबलं, गुडघ्यांवर बसली आणि "ची, ची" असा बारीक आवाज काढत ढिगाच्या बुडातून पिलं बाजूला काढू लागली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण हात घाई करत नव्हते. तळातून तीन पिलं निघाली ती गरम होती आणि मेलेली होती. माय रडायला लागली. जिजी तिला म्हणाली, "तुम्हनं मन चांगलं व्हतं. पन त्यासले काय माहीत?" मग तिने पत्र्याची पट्टी मागवली आणि खोलीत गोल आळं केलं, पळालं तरी अडकायला कोपराच राहू नये म्हणून.

यंदा हिवाळ्यात आजूबाजूच्या गावांत साथ आली, कोंबड्या मरायला लागल्या. मोबाइलवर रोज कोंबड्या पुरायच्या खड्ड्यांचे आणि वर टाकलेल्या चुन्याचे व्हिडिओ यायचे. माझी नवी पिलं आली त्याच सकाळी जिजी आली नाही. बाहेर पाहिलं तर ती लांब बांधावर उभी होती. तिथूनच ओरडली, "मी नई येस आते! मन्ह्या कोंबड्या मरी गयात. मन्हा पायले काय लागेल व्हई, कोन जाने!"

त्या खेपेला सगळं मी एकटीने केलं. ती बांधावरून विचारायची, "पाय थंडा शेतस का?" मी दारातून सांगायची, "नई, गरम शेतस!" मी रोज हात धुऊन धुऊन सोलून घेतले. एखादं पिलू डोळे मिटून बसलं की मी त्याचे पाय गालाला लावून पाहायची. ते हललं की मी तिथेच भिंतीला टेकायची. जिजी रोज सकाळी येत होती, पण बांधाच्या अलीकडे एक पाऊलही नाही. पिलांना खरे पंख फुटले. एकही गेलं नाही.

साथ ओसरून दोन महिने झाले, गावात पुन्हा कोंबड्या दिसू लागल्या, तेव्हा जिजी आमच्या दाराशी आली. आदल्या दिवशीच पुढची पिलं आली होती. ती नवं लुगडं नेसली होती. हात कोपरापर्यंत धुतलेले होते, अजून ओले. "पाहू दे व एकडाव," ती म्हणाली. आणि मी, तिनेच शिकवलेली मी, दोन्ही हात चौकटीला लावून दारात आडवी उभी राहिले. मी ठरवलं नव्हतं. माझं अंगच आडवं झालं. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते खाली घ्यायला हवे होते, घेतले नाहीत.

जिजी हसली नाही, रागावलीही नाही. "बरं करं," म्हणाली. "मलेबी आत येऊ देनं नई. शिकनी तू." आणि ओले हात पदराला पुसत परत गेली.

पुढच्याच आठवड्यात लेकीने तिला सुरतेला राहायला नेलं. जिजीने मला दिलेली ती एकच शाबासकी. ती मी आजवर घरात कुणाला सांगू शकलेली नाही.